निद्रानाशावर दिलासा देणारी वाक्यं: ऑडिओ, ॲप, समुपदेशक की हाताने लिहिलेलं कार्ड?

निकाल आधीच सांगून टाकतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण रात्री अंथरुणात, फोन नाकासमोर धरूनच वाचत असणार. झोप येत नसताना मनाला समजावणाऱ्या वाक्यांचा उपयोग होतो. पण बाजारात तयार मिळणाऱ्या वाक्यांपैकी बहुतेक कुचकामी आहेत. जी चालतात ती स्टेशनरीच्या दुकानातल्या पाच-दहा रुपयांच्या कार्डावर आपल्याच हाताने लिहावी लागतात. एवढं कळलं तरी आजच्यापुरतं पुरे. फोन ठेवा, बाकीचं उद्या दुपारी वाचा.

दुपारी परत आलेल्यांसाठी आता सविस्तर.

या वाक्यांचं काम झोप आणणं नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. झोप दोन गोष्टींवर येते: दिवसभर जागं राहून साठलेला झोपेचा दाब आणि शरीरातलं घड्याळ. या दोन्ही जागेवर असल्या तरी तिसरी एक गोष्ट दार अडवून बसू शकते, ती म्हणजे सावधपणा. ‘तीन वाजले, सहाला उठायचंय, म्हणजे तीनच तास’ हा हिशेब डोक्यात सुरू झाला की छातीत धडधड वाढते, अंग तापतं, कान टवकारतात. मग बाजूच्या इमारतीतल्या पंपाचा आवाजही ऐकू यायला लागतो, जो एरवी वर्षभर ऐकू आलेला नसतो. मानसशास्त्रज्ञ ॲलिसन हार्वी यांनी २००२ साली निद्रानाशाचं जे प्रारूप मांडलं त्याचा गाभा हाच: झोप न येण्याची काळजीच माणसाला जागं ठेवते, आणि काळजीपोटी तो सतत स्वतःला तपासत राहतो. दिलासा देणारं वाक्य त्या काळजीवर टाकायचं असतं, झोपेवर नाही. जागेपणाची भीती उतरली की झोपेचं झोप बघते.

पुरावा किती? निद्रानाशासाठीच्या बोधात्मक वर्तन उपचाराचे, म्हणजे सीबीटी-आयचे, सुटे भाग वेगळे करून तपासणारं एक मोठं विश्लेषण २०२४ साली प्रसिद्ध झालं. त्यात २४१ अभ्यास आणि ३१ हजारांहून अधिक माणसं होती. झोपेबद्दलचे विचार तपासून बदलणं हा भाग उपयोगी ठरला. अंथरुणातला वेळ कमी करणं आणि झोप नसेल तेव्हा अंथरुण सोडणं हेही उपयोगी ठरले. नुसता ‘चहा कमी करा, खोलीत अंधार करा’ हा उपदेश फारसा कामाचा दिसला नाही. शिथिलीकरणाचे व्यायाम तर उलटे पडण्याची शक्यता दिसली. हे ध्यानात ठेवूनच खालचे चार प्रकार तपासले आहेत.

तयार ऑडिओ: पाचपैकी दोन

सर्वांत सहज मिळणारा आणि सर्वांत जास्त निराश करणारा प्रकार. यूट्यूबवर शोधलं की हिंदी-इंग्रजीत ढिगाने मिळतात, मराठीत त्या मानाने कमी. साचा साधारण एकच: मागे बासरी नाहीतर पाऊस, पुढे संथ आवाज, ‘तुमचे डोळे जड होत आहेत, तुम्ही गाढ झोपेत जात आहात.’ ज्याला झोप लागणारच होती त्याला ती लागते. ज्याला निद्रानाश आहे त्याचं मन लगेच तपासायला जातं: झाले का डोळे जड? नाही झाले. म्हणजे आजही नाही. वाक्य खोटं पडलं आणि वर एक अपयश पदरात आलं.

दुसरा साचा ‘काळजी करू नका, वाईट विचार सोडून द्या’ असा. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून पाहिलं होतं. अस्वल यायचं ते आलंच. रात्री तीन वाजता ‘उद्याच्या मीटिंगचा विचार करू नकोस’ हे वाक्य म्हणजे मीटिंगला पाठवलेलं आमंत्रण.

त्यात फुकट वापराची आणखी एक गंमत: विसाव्या मिनिटाला पाऊस थांबतो आणि दुप्पट आवाजात मसाल्याची जाहिरात लागते.

तरीही ऑडिओच हवा असेल तर निवडताना एक गाळणी लावा. ज्यात ‘झोप’ हा शब्द येत नाही असंच ध्वनिमुद्रण घ्या. नदीकाठाचं वर्णन चालेल, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष नेणं चालेल. ते आधी उतरवून ठेवा, २० मिनिटांचा टायमर लावा, फोन पालथा आणि हाताच्या अंतराबाहेर ठेवा. मध्यरात्री जाग आली तर परत लावायचं नाही. एकदा ती सवय लागली की आवाजाशिवाय पुन्हा डोळा लागत नाही, आणि आवाजासाठी फोन उचलला की आधी व्हॉट्सॲप दिसतं.

नामजपाची सवय असलेल्यांना इथे थोडा फायदा आहे. ओळखीचा, छोटा, वर्षानुवर्षं म्हटलेला शब्द मनातल्या मनात सावकाश फिरवत राहिलं की आतल्या बडबडीला जागा उरत नाही. पण मोजायचं नाही. ‘एकशे आठ झाले तरी झोप नाही’ हा सौदा सुरू झाला की जपही ऑडिओच्याच पंगतीत जाऊन बसतो.

इन्सोम्निया कोच ॲप: पाचपैकी साडेतीन

अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याने बनवलेलं हे ॲप फुकट आहे आणि आपल्या आपण वापरता येतं. पाच आठवड्यांचा आराखडा, झोपेची रोजनिशी, आणि काळजीचे विचार हाताळण्यासकट डझनाहून अधिक छोटी साधनं त्यात आहेत. ॲप इंग्रजीत, मराठी नाही. भाषा सोपी आहे, पण रात्री उपयोगी पडणारी वाक्यं मायबोलीत लागतात, त्याचं कारण पुढे येईल.

दिलाशाच्या दृष्टीने या ॲपमधली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे रोजनिशी. तयार सुविचारांपेक्षा ती कितीतरी पुढे आहे. रोज सकाळी उठल्यावर, अंदाजाने, दोन मिनिटांत भरायची: किती वाजता पडलात, डोळा लागायला साधारण किती वेळ लागला, मध्ये किती वेळ जागे होता, शेवटी कधी उठलात. आठवड्याची सरासरी निघते. समजा साडेदहाला पडून साडेसहाला उठणारा माणूस आहे. अंथरुणात ४८० मिनिटं, त्यातली झोप ३४० मिनिटं, म्हणजे सुमारे ७१ टक्के. हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास आणायचं असतं. पण त्याआधी दुसरीच गोष्ट नजरेत भरते: ‘आठवडाभर डोळ्याला डोळा नाही’ असं सांगणाऱ्या माणसाच्या स्वतःच्याच नोंदींत सरासरी पाच तास चाळीस मिनिटं निघते. निद्रानाश असलेली माणसं प्रत्यक्षात झालेली झोप बऱ्याचदा कमीच धरतात. जागेपणाचं प्रत्येक मिनिट आठवतं, झोपेतलं आठवायला कोणी नसतं. कार्डावर उतरवण्याजोगं पहिलं खरं वाक्य इथेच मिळतं.

आता अडचणी. आराखड्यात पुढे अंथरुणातला वेळ आखडून घ्यायचा टप्पा येतो. पद्धत म्हणून ती उत्तम, पण पहिले आठ-दहा दिवस दिवसा पेंग येते. टॅक्सी, रिक्षा, बस चालवणाऱ्यांनी, उंचावर किंवा यंत्रावर काम करणाऱ्यांनी, फिट्सचा किंवा बायपोलर आजार असलेल्यांनी हा टप्पा डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि कोणीही पाच तासांच्या खाली जाऊ नये. दुसरं, सगळी मांडणी स्वतःची वेगळी बेडरूम असलेल्या माणसाला धरून आहे. मुंबईत हे गृहीत किती घरांत बसतं ते सांगायला नको.

मनगटावरच्या घड्याळाने दिलेला ‘स्लीप स्कोअर’ मात्र रोजनिशीच्या जागी वापरू नका. सकाळी छान वाटत असताना घड्याळाने ६२ दाखवले म्हणून दिवसभर थकलेली माणसं आहेत, आणि या प्रकाराला २०१७ मध्ये वेगळं नावही पडलं: ऑर्थोसोम्निया.

समुपदेशक: चांगला मिळाला तर पाचपैकी साडेचार

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ हा त्रास असेल तर स्वतःच्या प्रयोगांवर फार वेळ घालवू नये. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ सालीच प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी गोळीच्या आधी सीबीटी-आय सुचवलं आहे. साधारण चार ते आठ सत्रं लागतात.

मुंबईत मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक भरपूर आहेत, पण झोपेचं हे तंत्र येणारे थोडे. खासगीत एका सत्राला हजार-दोन हजार सहज जातात, म्हणून वेळ घेताना फोनवरच तीन प्रश्न विचारा: झोपेची रोजनिशी भरून घेता का? अंथरुणातला वेळ कमी करण्याचं तंत्र वापरता का? किती सत्रांत संपतं? पहिल्या दोन्हींना ‘हो’ आणि तिसऱ्याला आकडा आला तर जा. ‘आधी या, मग बघू’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा. पैशांची अडचण असेल तर परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर आणि सायनचं लोकमान्य टिळक या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. सकाळी लवकर केसपेपर काढायचा आणि रांगेची तयारी ठेवायची. बोलायला कोणी हवं असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही मिळते. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर कार्ड, ॲप सगळं बाजूला ठेवून आधी हा नंबर लावा.

काही जागेपण विचारांचं नसतंच. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, पडल्यावर पायांत वळवळ होऊन ते हलवल्याशिवाय चैन न पडणं, दोन आठवडे सलग पहाटे चारला जाग आणि सोबत कशातच मन न लागणं: यांवर दिलाशाची वाक्यं म्हणजे गळक्या नळाखाली बादली. आधी तपासणी. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम अशा गोळ्या रोज चालू असतील तर कार्ड जमायला लागलं या आनंदात त्या एकदम बंद करू नका. उलटा झटका बसून झोप आणखी उडते, कधी फिट्सही येतात. ज्यांनी लिहून दिल्या त्यांच्याकडूनच हळूहळू कमी करून घ्यायच्या.

हाताने लिहिलेलं कार्ड: पाचपैकी साडेचार, आणि जवळपास फुकट

साहित्य: तीन बाय पाच इंचांचं जाड कार्ड, नाहीतर लग्नपत्रिकेची कोरी मागची बाजू. ती घरात असतेच. काळं, जाड टोकाचं पेन. अक्षर इतकं मोठं की झीरोच्या बल्बमध्ये चष्म्याशिवाय वाचता यावं. म्हणजे एका कार्डावर पाचच ओळी बसतात, आणि तेवढ्याच हव्यात.

वेळ दुपारची किंवा संध्याकाळची, निजायच्या निदान दोन तास आधी. रात्री तीन वाजता वाक्य तयार करायला बसणं म्हणजे पूर आल्यावर होडी बांधणं. त्या वेळी मनाला खरं-खोटं तोलता येत नाही, आधी तोलून ठेवलेलं फक्त वाचता येतं.

पहिला आठवडा कार्डावर काही लिहायचं नाही, फक्त गोळा करायचं. रोज सकाळी, रात्री काय काय मनात येत होतं ते एका कागदावर टिपा. आठवड्याने त्याचे दोन ढीग करा. एकात उद्याची कामं: गॅसचं बुकिंग, मुलीची फी, साहेबांना पाठवायचा मेल. दुसऱ्यात झोपेची भीती: आज पण नाही लागली, तब्येतीची वाट लागणार, उद्या काम जमणार नाही.

पहिला ढीग कार्डावर जात नाही. ती यादी झोपायच्या आधी पाच मिनिटांत वहीत उतरवायची. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उद्याची कामं लिहिणाऱ्यांचा डोळा, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी लागला. यादी जितकी तपशीलवार तितकं बरं. ‘बँक’ एवढं लिहून भागत नाही, ‘बँक, अकरा वाजता, पासबुक आणि आधार’ असं लिहावं.

दुसऱ्या ढिगातली एकेक भीती घ्या आणि तिला जुना हिशेब विचारा. एक नमुना जवळून पाहू. बँकेत कॅश काउंटरवर बसणाऱ्या माणसाची भीती अशी: ‘आज झोप नाही झाली तर उद्या कॅश टॅली होणार नाही.’ प्रश्न: गेल्या दहा वाईट रात्रींनंतर काय झालं? उत्तर: दहाही दिवस टॅली झाली. दोनदा पुन्हा मोजावी लागली, म्हणून अर्धा तास उशीर. संध्याकाळी घरी चिडचिड. आता या उत्तरातूनच वाक्य काढायचं: ‘कमी झोपेतही कॅश टॅली झाली आहे. फार तर पुन्हा मोजावी लागेल.’ यात कुठेही ‘सगळं छान होईल’ नाही. चिडचिड लपवलेली नाही, वाटल्यास तिचंही एक वाक्य करता येतं: ‘उद्या संध्याकाळी जरा चिडेन, घरच्यांना आधीच सांगेन.’

मग प्रत्येक वाक्याला दहापैकी गुण द्या, पण कल्पना रात्री तीनची करून: त्या वेळी हे किती पटेल? सातच्या खालचं वाक्य कार्डावर नको. ‘मी अगदी निवांत आहे’ याला दोन मिळतात. ‘उद्याचा दिवस ओढून नेता येईल’ याला आठ. गुण कमी पडले तर वाक्य खोडायची घाई नको, ते मवाळ करा. ‘उद्या काहीच त्रास होणार नाही’ हे तीनवर असतं. ‘उद्या दुपारी पेंग येईल आणि चारनंतर उतरेल’ हे आठवर जातं.

सगळ्यांना चालतील अशी काही वाक्यं शरीराच्या कारभारातून घेता येतात, कारण त्यांच्यामागे वस्तुस्थिती उभी असते:

‘रात्री मध्येच जाग सगळ्यांनाच येते.’ झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत चालते आणि फेरीच्या सांध्यावर चांगल्या झोपणाऱ्यालाही क्षणभर जाग येते. सकाळी त्याला ती आठवत नाही, एवढाच फरक.

‘गाढ झोपेचा मोठा वाटा पहिल्या काही तासांतच मिळून गेला आहे.’ हे पहाटे जाग येणाऱ्यांसाठी. बाराला डोळा लागून साडेतीनला उघडला असेल तर हे वाक्य अक्षरशः खरं असतं. ज्याला मुळात झोपच लागलेली नाही त्याच्या कार्डावर ते नको.

‘आजची तूट शरीर पुढच्या रात्री जास्त खोल झोपून भरतं.’ १९६४ साली रँडी गार्डनर हा शाळकरी मुलगा २६४ तास जागा राहिला होता. त्यानंतरची पहिली झोप चौदा तासांच्या आसपास झाली. अकरा दिवसांची थकबाकी तासाला तास फेडावी लागली नाही. (प्रयोग करून पाहायची गोष्ट नव्हे.)

‘झोप आणणं माझं काम नाही. अंग टाकणं माझं काम.’ हे वाक्य बहुतेकांना पहिल्या वाचनात बाळबोध वाटतं आणि दोन आठवड्यांनी कार्डावर सर्वांत वर जातं.

मायबोलीचं कारण आता. रात्री मनात जी भीती बोलते ती घरच्या बोलीत बोलते, पुस्तकी मराठीत नाही, इंग्रजीत तर नाहीच. तिला उत्तरही त्याच बोलीत द्यावं लागतं. लालबाग-परळमधल्या मालवणी घरातल्या माणसाने ‘झोप न आल्यास चिंतेचे कारण नाही’ असं लिहिलं तर ते रेल्वेच्या उद्घोषणेसारखं वाटतं. ‘नीज नाय इली तरी चलात, गप पडान रव’ हे आजीच्या आवाजात ऐकू येतं. ज्या कोणाच्या तोंडून लहानपणी धीर मिळाला त्या माणसाचा ‘अगं’, ‘अरे बाबा’, ‘पोरी’ वाक्याच्या सुरुवातीला जोडा. गुण आपोआप एकाने वाढतात.

एक कडक पथ्य. ज्यांच्या हातात स्टिअरिंग आहे त्यांनी ‘कमी झोपेतही निभतं’ हे वाक्य लिहू नये. त्यांच्या कार्डावर ‘झोप झाली नाही तर उद्या सकाळची पाळी बदलून घेईन’ असं असावं. दिलासा कामाप्रमाणे बदलतो.

रात्री वापरायचं कसं

कार्ड उशाखाली नको, हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवा. भिंतीवरचं घड्याळ दिसत असेल तर पाठमोरं करा, कारण किती वाजले हे कळलं की वजाबाकी सुरू होतेच. पडल्यावर चलबिचल वाटली तर एक ओळ एकदा वाचायची. घोकायची नाही. घोकणं म्हणजे पुन्हा झोप ओढून आणणं. वाचली, श्वास सोडला, कार्ड ठेवलं, संपलं.

अंदाजाने पंधरा-वीस मिनिटं झाली आणि वैताग वाढतोय असं वाटलं तर अंथरुण सोडायचं. हे तंत्र मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडलं आणि आजही टिकून आहे: अंथरुण आणि तळमळ यांची पडलेली गाठ सोडवायची. पुस्तकं म्हणतात ‘दुसऱ्या खोलीत जा’. वन रूम किचनमध्ये पाच माणसं झोपली असताना दुसरी खोली कुठली? इथे खोलीपेक्षा जागा आणि बैठक बदलण्याला महत्त्व द्यायचं. दिवसाच ठरवून ठेवा: ओट्याजवळ प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर चादर, बाजूला झीरोचा बल्ब आणि एखादं जुनं, कंटाळवाणं मासिक. चाळीत गॅलरी असेल तर कठड्याशी स्टूल. तेही शक्य नसेल तर गादीवरच, पण डोकं ज्या बाजूला असतं तिच्या उलट टोकाला, भिंतीला टेकून बसायचं. तिथे कार्ड पुन्हा एकदा वाचा. डोळे मिटायला लागले की मूळ जागी. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ओट्याजवळ सावली दिसून घरात आरडाओरडा.

आवाजाचंही एक वाक्य लागतं. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी आणि निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे हे २००० सालच्या नियमांत लिहिलेलं आहे. मंडपाच्या दिवसांत ते वाक्य आठवलं की झोप येत नाही, संताप येतो. तक्रार सकाळी करायची. रात्री ‘हा आवाज माझ्याशी बोलत नाही’ एवढंच. पहाटे पाण्याच्या वेळेला ज्यांना उठावंच लागतं त्यांनी ती जाग रोजनिशीत वेगळी लिहावी. ती निद्रानाशाची जाग नाही, नळाची आहे.

कुठे फसतं

सर्वांत जास्त फसतं ते वाक्याची परीक्षा घेतल्यामुळे. ‘वाचलं, दहा मिनिटं झाली, लागली का?’ हे विचारताच कार्ड झोपेची गोळी बनतं, आणि गोळी म्हणून ते फार कमजोर आहे. कार्ड चाललं की नाही हे रात्री ठरवायचं नाही. रविवारी रोजनिशी बघताना एकच विचारायचं: या आठवड्यात जागं असताना घाबरायला कमी झालं का? भीती आधी उतरते, मिनिटं नंतर वाढतात. साधारण दोन-तीन आठवडे द्यावे लागतात.

दुसरं, लवकर पडणं. काल झोप झाली नाही म्हणून आज नऊलाच अंथरुणात. दाब साठलेला नसतो, घड्याळ तयार नसतं, आणि दोन तास फक्त विचारांना मिळतात. अशा वेळी जगातलं कुठलंही वाक्य तोकडं पडतं. पेंग आल्याशिवाय पडायचं नाही, आणि सकाळी उठायची वेळ रविवारीही तीच.

तिसरं घरचं प्रेम. सकाळी चहाचा कप देताना ‘आई, झोप लागली का गं?’ असं रोज विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात माया असते, पण उत्तर देणारी रात्रभर त्या उत्तराची तयारी करत असते. उलट बाजूने, काही जण शेजारी झोपलेल्याला उठवून ‘काही होणार नाही ना मला?’ असं विचारत राहतात. एकदा मिळालेला धीर अर्ध्या तासात संपतो, परत मागावा लागतो. दोन्हींवर एकच तोड: घरात ठरवून टाका, झोपेची चौकशी फक्त रविवारी. बाकी दिवस उत्तर कार्डाला विचारायचं.

चौथं, वाक्य झिजणं. तीनेक आठवड्यांत ओळ पाठ होते आणि डोळा तिच्यावरून घसरतो. तेव्हा एकच ओळ बदला, सगळं कार्ड नको. नवी ओळ रोजनिशीतून घ्या, शक्यतो आकड्यासकट: ‘गेल्या महिन्यात नऊ रात्री वाईट गेल्या, एकही दिवस रजा पडली नाही.’ जुन्या कार्डावर तारीख घालून ते वहीत चिकटवून ठेवा. पावसाळ्यात कार्ड मऊ पडतं आणि शाई फुटते, म्हणून दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा. लॅमिनेशन करू नका, झीरोच्या बल्बमध्ये चकाकतं आणि मग दिवा लावावा लागतो.